जागा मानसशास्त्राची, शोध बालविकासाच्या प्राध्यापकाचा

विद्यापीठाची भरतीची जाहिरात म्हणजे बारीक टायपातला एक लांबलचक तक्ता. विभाग, पद, पदसंख्या, प्रवर्ग, विशेषीकरण. मानसशास्त्र विभागासमोर बहुधा १ हा आकडा असतो आणि शेवटच्या रकान्यात कधी ‘विकासात्मक मानसशास्त्र’ लिहिलेलं असतं, कधी नुसती रेघ. अर्ज करणारे पदसंख्या आणि प्रवर्ग बघतात आणि शुल्क भरायला धावतात. माझं म्हणणं असं की निवडीला सुरुवात त्या शेवटच्या रकान्यापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून होते. हे मी वशिल्याबद्दल बोलत नाही. तो जिथे असतो तिथे असतोच. अगदी नियमाने, स्वच्छपणे चाललेल्या भरतीतही मुलाखतीच्या दिवशी ठरवायला थोडंच शिल्लक असतं. जागा कोणत्या प्रवर्गात पडली, तिच्यासमोर काय विशेषीकरण लिहिलं गेलं आणि तज्ज्ञ म्हणून कोणाला बोलावलं, हे तीन निर्णय उमेदवार दारात येण्याआधीच झालेले असतात.

विकासात्मक मानसशास्त्र हे उदाहरण मी मुद्दाम घेतोय, कारण ही यंत्रणा कुठे चांगली चालते आणि कुठे अडकते ते या विषयात स्पष्ट दिसतं.

आधी विषय. बालविकास म्हटलं की लोकांना पालकत्वावरची व्याख्यानं आठवतात. गर्भावस्थेपासून म्हातारपणापर्यंत माणसाचं लक्ष, भाषा, स्मरण, भावना, नाती, बरंवाईट ओळखण्याची समज कशी बदलत जाते आणि का, हा या शाखेचा खरा आवाका. पियाजे, वायगॉट्स्की, एरिक्सन, बोल्बी ही या शाखेतल्या मोठ्या अभ्यासकांची नावं एम.ए.च्या कोणत्याही विद्यार्थ्याला पाठ असतात. पण नावं पाठ असणं वेगळं आणि दीड वर्षाच्या मुलासमोर जमिनीवर बसून त्याच्याकडून भरवशाची माहिती मिळवणं वेगळं. कॉलेजच्या मुलांना प्रश्नावली वाटता येते, तासाभरात शंभर भरून येतात. तान्हं मूल प्रश्नावली भरत नाही. ते कुठे बघतं, किती वेळ बघतं, दडवलेली वस्तू शोधतं का, अनोळखी माणूस आला की आईकडे वळतं का, यावरून अंदाज बांधायचे असतात. त्याचं चित्रीकरण करायचं, मग दोघांनी एकमेकांच्या नोंदी न बघता ते सेकंदासेकंदाने तपासायचं आणि दोघांचं कितपत जुळतं ते मोजायचं. अर्ध्या तासाच्या चित्रफितीला कित्येक तास लागतात. त्यातही मूल मध्येच झोपतं, रडतं, शी करतं, आणि सकाळ वाया जाते.

आपल्याकडे या कामाची परंपरा आहे, बरीच जुनी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही अनेक दवाखान्यांत वापरली जाते. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांची वाढ जोखणारी मापनश्रेणी तयार केली. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची ही श्रेणी बालरोगतज्ज्ञ ‘डासी’ या नावाने ओळखतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ साली जवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला, त्यांना झालेल्या मुलांचा माग पुढे वर्षानुवर्षं ठेवला आणि त्या मुलांच्या बौद्धिक क्षमताही तपासल्या. एवढा दीर्घ अभ्यास महाराष्ट्रात उभा राहिला तो रुग्णालयात, मानसशास्त्राच्या विभागात नव्हे. हे का, याचं उत्तर पुढे भरतीच्या तपशिलात हळूहळू सापडेल.

जागा येते कुठून

विभागात कोणीतरी निवृत्त होतं, तेव्हा जागा ‘रिकामी होते’, पण ती लगेच ‘भरायची’ होत नाही. राज्य विद्यापीठात पगार शासन देतं, त्यामुळे पद भरायला शासनाची मान्यता लागते आणि त्यात वित्त विभाग असतो. मान्यता येईपर्यंत शिकवायचं कोणी? तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, शिक्षकांनी. महाराष्ट्रात नेट-सेट (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा) झालेली, पीएचडी झालेली माणसं वर्षानुवर्षं तासावर पैसे घेऊन शिकवतायत. सुट्टीत पैसे नाहीत, जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत.

मान्यता आली की बिंदुनामावली. आरक्षण कोणत्या जागेला लागू होणार हे ठरवणारा हा क्रमवार तक्ता. बाहेरच्या माणसाला हा भाग रूक्ष वाटतो, पण भरतीतला सगळ्यात महत्त्वाचा वाद इथलाच आहे, म्हणून थोडं थांबू. केंद्र सरकारच्या २०० बिंदूंच्या तक्त्यात चौथा बिंदू, म्हणजे क्रमाने चौथी जागा, इतर मागासवर्गीयांचा, सातवा अनुसूचित जातींचा आणि चौदावा अनुसूचित जमातींचा असतो. आता प्रश्न असा की मोजणी विभागवार करायची की सगळ्या विद्यापीठाची मिळून? मानसशास्त्राच्या विभागात सहायक प्राध्यापकांच्या चारच जागा असतील तर विभागवार मोजणीत सातवा बिंदू येतच नाही. छोटे विभाग असेच कोरडे राहतात आणि एकूण विद्यापीठात आरक्षित जागा घटतात. सगळं विद्यापीठ एक धरलं तर प्रत्येक बिंदू कुठे ना कुठे पडतोच. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हा घटक धरावा असा निर्णय दिला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. देशभर आंदोलनं झाली, केंद्राने आधी अध्यादेश आणि त्याच वर्षी कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी पूर्ण संस्था हा घटक पुन्हा आणला. राज्यांचा तक्ता आणि टक्केवारी वेगळी असते, पण गणिताचं तत्त्व हेच.

याचा आपल्या विषयाशी संबंध काय? एकच जागा, ती एका प्रवर्गासाठी आरक्षित आणि त्यावर पुन्हा ‘विकासात्मक मानसशास्त्रात पीएचडी’ अशी सक्ती. सगळ्या अटी पाळणारे उमेदवार राज्यात किती असणार? दोन-चार. त्यातला एक आजारी पडला, एकाला दुसरीकडे नोकरी लागली की समिती ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा मारून मोकळी होते आणि जागा पुन्हा रिकामी. आरक्षित जागा न भरण्याबद्दलची तक्रार देशभर आहे. प्रत्येक वेळी तो डाव असतोच असं मी म्हणणार नाही. पण अतिअरुंद विशेषीकरण हा तो डाव खेळण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे, हे नक्की.

उलट टोकही वाईटच. विशेषीकरण काहीच लिहिलं नाही तर काय होतं? मानसशास्त्रात सध्या लोंढा चिकित्सा (क्लिनिकल) आणि समुपदेशनाकडे आहे. अर्जही तिकडचेच जास्त येणार, निवडही तिकडचीच होणार, आणि विभागात चिकित्सेची पाचवी व्यक्ती येणार. बालविकासाचा पेपर मग ‘यंदा तुम्ही घ्या’ म्हणत फिरतो. मधला मार्ग नियमांतच आहे. जाहिरातीत पात्रता दोन प्रकारे देता येते, अनिवार्य आणि इष्ट. मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी अनिवार्य आणि मुलांवरच्या प्रत्यक्ष संशोधनाचा अनुभव इष्ट असं लिहिलं तर दार उघडंही राहतं आणि विभागाला काय हवंय तेही समजतं. हे एका ओळीचं काम आहे. ते न करणारे विभाग पाहिले की मला नवल वाटतं.

दोन घरं, एक विषय

इथे एक गुंता आहे तो फार लोकांना माहीत नसतो. भारतात बालविकास दोन वेगळ्या विद्याशाखांत वाढला. एक घर मानसशास्त्राचं. दुसरं गृहविज्ञानाचं: तिथे या विषयाला मानव विकास म्हणतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला मानव विकास आणि कुटुंब अध्ययन विभाग हे त्यातलं मोठं नाव. मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतनमध्ये हा विषय शिकवला जातो. खरं सांगायचं तर लहान मुलांच्या निरीक्षणाचं प्रशिक्षण बऱ्याचदा या दुसऱ्या घरात जास्त पक्कं होतं, कारण तिथे अभ्यासक्रमालाच बालवाडी जोडलेली असते.

आता नेटकडे बघा. मानसशास्त्राचा नेटचा विषय वेगळा, गृहविज्ञानाचा वेगळा. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत आणि मानवी विकास त्यातल्या एकाच घटकात, तोही उपयोजनाच्या इतर गोष्टींबरोबर. म्हणजे नेट उत्तीर्ण झालेला माणूस बालविकास जाणतो असं त्यावरून काहीच कळत नाही. आणि ज्या बाईंनी दहा वर्षं अंगणवाडीतल्या मुलांच्या भाषेवर काम केलं, त्यांचं एम.एस्सी. मानव विकासात आणि नेट गृहविज्ञानात असेल तर मानसशास्त्राच्या जागेसाठी त्या बहुतेकदा छाननीतच गळतात. नियमात पदव्युत्तर पदवी ‘संबंधित किंवा संलग्न विषयात’ असावी असं म्हटलंय, पण संलग्न कोणता हे विद्यापीठ ठरवतं आणि छाननी करणारा कारकून पदवीच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळतंय का एवढंच बघतो. त्याचीही चूक नाही. उद्या कोणी न्यायालयात गेलं तर उत्तर त्यालाच शोधावं लागतं.

पात्रतेचे बाकीचे नियम त्या मानाने सरळ आहेत. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांना सवलत), आणि नेट किंवा सेट. २००९ किंवा २०१६ च्या नियमांनुसार पीएचडी झालेल्यांना नेट-सेटची सक्ती नाही. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती याच दोन राज्यांत चालते, नेट देशभर. विद्यापीठाच्या विभागांत सहायक प्राध्यापकाला पीएचडी अनिवार्य करायचं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्ये ठरवलं होतं, मुदत एकदा पुढे ढकलली आणि जुलै २०२३ पासून ती सक्तीच काढून टाकली. परदेशातून पीएचडी केलेल्यांसाठी वेगळी वाट आहे: ते विद्यापीठ तीन ठरावीक जागतिक क्रमवारींपैकी एकीत, कधीही, पहिल्या ५०० मध्ये आलेलं असलं पाहिजे. अमेरिकेतून किंवा युरोपातून परतणाऱ्या मराठी संशोधकांना याचा उपयोग होतो.

शंभर गुणांचा तक्ता

अर्ज आले की गुण. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी शंभर गुणांचा तक्ता आहे. पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५, पीएचडीला ३० (एम.फिल. असेल तर त्यातच धरून), जेआरएफसह (संशोधनवृत्तीसह) नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३, पुरस्कारांना ३. शोधनिबंधाला प्रत्येकी २, कमाल १०. शिकवण्याच्या किंवा पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या दर वर्षाला २, कमाल १०. राज्यं आणि विद्यापीठं यात आपापली भर घालतात, म्हणून जाहिरातीसोबतचं सूचनापत्र वाचल्याशिवाय स्वतःचे गुण मोजू नयेत. पण मूळ सांगाडा हा.

दोन कल्पित उमेदवार घेऊ. पहिलीला बी.ए.ला ८२ टक्के, एम.ए.ला ७८, पीएचडी, नेट, पाच शोधनिबंध, पाच वर्षं अध्यापन. तिचे निबंध महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन झालेले: मोबाइलचा वापर आणि एकटेपणा, परीक्षेचा ताण आणि आत्मविश्वास, अशा प्रकारचे. गुण मोजा: १५, २३, ३०, ५, १०, १०. एकूण ९३.

दुसऱ्याला बी.ए.ला ५८ टक्के, एम.ए.ला ६१, पीएचडी, सेट. त्याने तीन वर्षं अंगणवाड्यांतली तीच ती मुलं दर सहा महिन्यांनी पाहिली, घरची बोली आणि शाळेची मराठी यांच्या मध्ये मूल शब्द कसे शिकतं हे तपासलं. दोन निबंध झाले, दोन्ही चांगल्या नियतकालिकांत. पूर्णवेळ अध्यापन नाही. गुण: १०, २३, ३०, ३, ४, ०. एकूण ७०.

मुलाखतीला किती जणांना बोलवायचं हे विद्यापीठ ठरवतं. एका जागेसाठी वरचे दहा बोलावले आणि दहाव्याला ७८ असतील तर दुसऱ्याचा चेहरा समितीला दिसणारच नाही. पहिली उमेदवार वाईट आहे असं इथे कुणी म्हणत नाही. ती उत्तम शिक्षिका असू शकेल. मुद्दा असा की तक्ता जे मोजतो त्यात वेळ कसा गेला हे येत नाही. मुलांच्या वाढीचा माग घ्यायचा तर मुलं वाढेपर्यंत थांबावं लागतं, त्याला घाई करता येत नाही. पाच झटपट निबंध आणि दोन संथ निबंध तक्त्यात पाच आणि दोनच राहतात. निबंधाचा दर्जा ठरवायला यूजीसीची एक मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली गेली आणि निर्णय संस्थांवर सोडला गेला.

आणखी एक गंमत. माणूस विसाव्या वर्षी पुरता घडलेला नसतो, तो पुढेही बदलत राहतो, हे या शास्त्राचं मूलभूत म्हणणं. त्या शास्त्राचा प्राध्यापक निवडताना त्याने विसाव्या वर्षी दिलेल्या बी.ए.च्या परीक्षेचे टक्के मात्र चाळिशीपर्यंत त्याच्या मागे येतात.

बंद दाराआड

मूळ नियमांनुसार छाननीचे गुण फक्त मुलाखतीपर्यंत नेतात; अंतिम निवड मुलाखतीतल्या कामगिरीवर. तिथे अध्यक्ष कुलगुरू. कुलपतींनी नेमलेले एक प्राध्यापक, विद्यापीठाने मान्य केलेल्या नावांतून कुलगुरूंनी निवडलेले तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख. आणि मागासवर्गीय, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असतील तर त्यांच्यापैकी कोणाचं तरी प्रतिनिधित्व करणारी एक शिक्षणक्षेत्रातली व्यक्ती. गणपूर्तीला चार सदस्य लागतात आणि त्यांत बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ हवेतच.

ते तज्ज्ञ ‘मानसशास्त्राचे’ असतात. पण मानसशास्त्र हा एक विषय नावापुरताच आहे. औद्योगिक मानसशास्त्राचे प्राध्यापक, चाचणीशास्त्राचे प्राध्यापक आणि चिकित्सेच्या प्राध्यापक, तिघेही आपापल्या जागी मातब्बर, बालविकासाच्या उमेदवाराला काय विचारणार? पियाजेच्या अवस्था सांगा. एरिक्सनचे आठ टप्पे सांगा. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यातला फरक सांगा. तुमच्या पीएचडीचा नमुना इतका लहान का? हा शेवटचा प्रश्न तर मी कितीतरी उमेदवारांकडून ऐकलाय. साठ मुलांचा तीन वर्षं माग काढणं आणि सहाशे विद्यार्थ्यांकडून एकदा प्रश्नावली भरून घेणं यात पहिलं काम जड आहे, हे ज्याने केलंय त्यालाच पटकन समजतं. म्हणून तीनपैकी एक तरी तज्ज्ञ या शाखेतला असावा, गरज पडली तर गृहविज्ञानाच्या घरातून आणावा. नावांच्या यादीत तसं नाव घालणं विभागप्रमुखाने योग्य वेळी, म्हणजे जाहिरातीच्याही आधी, बघायचं असतं.

विचारण्यासारखे प्रश्न वेगळेच आहेत. दोन वर्षांचं मूल चाचणीच्या मध्यावर रडायला लागलं तर तुम्ही काय करता, आणि त्या दिवसाची नोंद विश्लेषणात ठेवता की वगळता? पहिल्या वर्षीची शंभर मुलं तिसऱ्या वर्षी सत्तर उरली. गेलेली तीस कोणाची होती, ऊसतोडीला गेलेल्यांची की इंग्रजी शाळेत घातलेल्यांची, आणि त्याने तुमचा निष्कर्ष कुठे वाकतो? संमती कोणाकडून घेता? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांची संमती तर लागतेच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी सहमतीही घ्यावी लागते. मुलाशी बोलताना लैंगिक अत्याचाराची शंका आली तर? पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. ‘संशोधनातली गोपनीयता’ तिथे ढाल होत नाही. या प्रश्नांची उत्तरं उमेदवाराला पाठ करून देता येत नाहीत. काम केलेलं असेल तर दोन मिनिटांत कळतं.

पण वेळच किती असतो? पंधरा-वीस मिनिटं, बाहेर व्हरांड्यात फाइली घेतलेले पंधरा जण. मुलाखतीच्या टप्प्यावर उमेदवाराला वर्गात व्याख्यान द्यायला किंवा परिसंवाद घ्यायला लावता येईल, अशी मोकळीक यूजीसीच्या नियमांत आहे. आयआयटीमध्ये उमेदवार विभागासमोर आपलं संशोधन मांडतो, विद्यार्थीही प्रश्न विचारतात आणि बाहेरच्या तज्ज्ञांची शिफारसपत्रं मागवली जातात. अमेरिकेत हेच प्रमाण आणखी वाढतं. शरद ऋतूत जाहिरात, मग दूरस्थ मुलाखत, मग निवडक तीन-चार जणांना प्रत्येकी दीड-दोन दिवस विद्यापीठात बोलावणं: तासाभराचं व्याख्यान, प्रत्येक प्राध्यापकाशी वेगळी भेट, जेवणावर गप्पा. निवड झाली की पगारासोबत प्रयोगशाळा उभी करायला किती पैसे, किती खोल्या, यावर घासाघीस. तिकडे बालविकासाचा माणूस घ्यायचा म्हणजे पालकांना गाडी लावायला जागा आणि मुलांना खेळायला खोली द्यावी लागणार, हे विभाग धरूनच चालतो. त्या पद्धतीलाही दोष आहेत. ‘हा आमच्यात बसेल का’ या प्रश्नाआडून आपल्यासारखाच माणूस निवडला जातो, आणि सहाव्या वर्षाच्या आसपास कायम करायचं की घरी पाठवायचं हा निर्णय होतो तेव्हा संथ अभ्यास करणाऱ्याची तिथेही दमछाक होते.

आपल्याकडे समितीची शिफारस व्यवस्थापन परिषदेकडे जाते, तिथून नेमणुकीचा आदेश निघतो. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर भत्ते. परिवीक्षा किमान एक वर्ष, समाधानकारक काम नसेल तर आणखी एक. आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन. नव्या माणसाच्या वाट्याला बालविकास येतोच असंही नाही; ज्येष्ठांनी वाटणी केल्यावर जे उरतं ते येतं, आणि उरतं ते बहुधा संख्याशास्त्र. मुलांसाठी शांत खोली, चित्रीकरणाचं साहित्य, अंगणवाडीत जायला महिला व बालविकास विभागाची परवानगी, हे सगळं त्याने स्वतःच्या हिमतीवर जमवायचं. जाहिरातीच्या तक्त्यात यासाठी रकाना नसतो.

आता या सगळ्याची साखळी बघा. २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार मार्गदर्शक फक्त कायम शिक्षकच होऊ शकतो. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार विद्यार्थी घेता येतात, तेही त्याची स्वतःची पीएचडी आणि किमान तीन शोधनिबंध असतील तर. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली की नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणजे बालविकासाच्या प्राध्यापिका निवृत्त होण्याच्या तीन वर्षं आधीच नवे संशोधक येणं थांबतं. मग जागा रिकामी राहते, पाच वर्षं, सात वर्षं. तो पेपर सीएचबीवर चालतो आणि सीएचबीच्या शिक्षकाला मार्गदर्शक होता येत नाही. अखेरीस मान्यता येते, जाहिरात निघते, शेवटच्या रकान्यात ‘विकासात्मक मानसशास्त्र’ असं लिहिलं जातं, आणि छाननी समिती अर्ज चाळताना म्हणते, या विषयात पीएचडी झालेलं राज्यात कोणी दिसतच नाही.